आवाजाची पातळी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगड टिकला आणि अक्षरेही टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची दप्तरे आहेत. १६७६ पासून १८५५ पर्यंत या गावी मराठी राजघराण्याची भाषा होती आणि तिच्या लिखित रूपाची काळजी राज्याने घेतली. बोलल्या जाणाऱ्या मराठीची तशी काळजी घेण्याचे साधन मात्र तेव्हा कोणापाशीच नव्हते. राज्य गेल्यावर ती बोली घरांतून उरली. स्वयंपाकघरात, देवघरात, ओसरीवर ती ऐकू येत राहिली. तमिळच्या शेजाराने तिचे शब्द पालटले, हेल पालटले. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही अशी माणसेही ती बोलतात. भिंतीवरच्या मराठीहून ही मराठी वेगळी आहे आणि तिला दगडाचा आधार नाही.

अशाच एका घरातील नातवाने आपल्या आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे ठरविले. आजी नव्वदीच्या घरात होती. तिच्या तोंडची मराठी त्याच्या आईला येत होती, त्याला समजत होती, आणि त्याच्या मुलीला ती समजतही नव्हती. तीन पिढ्यांतला हा उतार त्याला एकाएकी दिसला होता.

त्याच्यापाशी एक जुना संगणक होता. तो सुसह्य वेगाने चालावा म्हणून त्याने त्यावरचे सारे ओझे उतरविले होते. चित्रे नाहीत, पट्ट्या नाहीत, कोपऱ्यात कर्ण्याचे चिन्ह नाही; काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्यापुरती एक ओळ. इतरत्र आवाज वाढविण्यासाठी बोटाने एक खुंटी सरकवावी लागते. मागे काय घडते याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. येथे तसे नव्हते. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला आज्ञा देता येत नाही.

लिनक्स या प्रणालीत आवाजाचा कारभार अल्सा नावाची व्यवस्था पाहते. यारोस्लाव किसेला या चेक माणसाने १९९८ च्या सुमारास तिचे काम सुरू केले आणि २००३ अखेरच्या आवृत्तीपासून ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तिचा मूळ स्वभाव मौनाचा आहे. नव्याने बसविली की तिच्या वाहिन्या बंद असतात. प्रत्येकीला नावाने हाक मारून उघडावे लागते. ऐकू येणारा आवाज ‘मास्टर’ या नावाखाली, आत घेतला जाणारा ‘कॅप्चर’ या नावाखाली. मायक्रोफोनचा जोर वाढविणारी वाहिनी आणखी निराळी. ‘ए-मिक्सर सेट कॅप्चर ६०%’ असे लिहिले की यंत्र तेवढेच करते. न सांगितलेले ते समजून घेत नाही.

पहिल्या दिवशी नातवाने ‘१००%’ लिहिले. आजीचा आवाज क्षीण, म्हणून पातळी पूर्ण ठेवावी, असा त्याचा साधा हिशेब होता. आजी लहानपणीच्या नवरात्राविषयी बोलू लागली. आरंभी ती हळू बोलत होती; मग आठवणीत रमली, हसली, कोणाची तरी नक्कल करून मोठ्याने ओरडली. तास कसा गेला ते कळले नाही. रात्री त्याने ते ऐकले, तेव्हा जिथे जिथे ती रंगात आली होती तिथे तिथे आवाज फाटलेला होता.

याचे कारण गणिती आहे. ध्वनीची लाट यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते आणि दर मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी देते. सर्वांत वरच्या पायरीच्या वर काही नाही. लाट त्याहून उंच गेली तर तिचा माथा सपाट छाटला जातो, आणि छाटलेला भाग कोठेही साठविलेला नसतो. ऐकण्याची पातळी मागाहून हवी तेव्हा बदलता येते. घेण्याची पातळी चुकली तर ती चूक कायमची. मास्टर आणि कॅप्चर ही दोन नावे वेगळी का, हे त्याला त्या रात्री उमगले.

तंजावरची वीणा घडविणारे कारागीर फणसाच्या लाकडावर मेणाचा थर देतात आणि त्यात चोवीस पडदे बसवितात. पडद्याची जागा शेवटी कानाने ठरते: तार छेडावी, ऐकावे, मेण ऊन असेतो पडदा केसभर हलवावा. नातवाने दुसऱ्या वेळी काहीसे असेच केले. आधी आजीला हसू दिले. ‘ए-रेकॉर्ड’च्या मोजपट्टीवर तिचे हसू कोठवर चढते ते पाहिले. पातळी उतरवीत उतरवीत अशा ठिकाणी आणली की तिच्या सर्वांत मोठ्या स्वराच्या वरही थोडी जागा मोकळी राहावी. तशाने हळू बोलणे फार खाली गेले आणि पंख्याची घरघर त्यात मिसळू लागली. तेव्हा वैशाखातल्या तंजावरात त्याने पंखा बंद केला. आजीने पदराने वारा घेत बोलणे चालू ठेवले. शेवटी त्याने ‘अल्सा-सी-टी-एल स्टोअर’ ही आज्ञा लिहिली. ठरविलेल्या पातळ्या संगणक बंद झाल्यावरही स्मरणात ठेवणारी ती आज्ञा.

नवरात्राची गोष्ट त्याने पुन्हा सांगावयास लावली. आजीने ती सांगितली, परंतु ती नक्कल तिला पहिल्यासारखी साधली नाही, आणि ती ओरडलीही नाही. कोणाची नक्कल केली होती ते तिच्या ध्यानात राहिले नव्हते. फाटलेली फीत नातवाने पुसली नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली: एक स्वच्छ, एक जिवंत.

माणसांचे बोलणे जतन करू पाहणाऱ्याने किती पुढे व्हावे आणि किती मागे राहावे, हा प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र तो केवळ आकड्यात मांडून दाखविते. आपला कान पूर्ण उघडला म्हणजे सारे काही मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात बोलणाऱ्याच्या वर थोडी जागा रिकामी सोडावी लागते, आणि ती किती हे त्याला आधी ऐकल्याखेरीज कळत नाही. नातवाने आजीचे बोलणे ऐकण्यास आरंभ केला तेव्हा ती नव्वदीच्या घरात होती. पातळी जुळेपर्यंत आणखी काही दिवस गेले. मंदिरातील भिंतीवरची अक्षरे घाई न करता वाचता येतात. त्या घरात मात्र तसा अवकाश नव्हता, आणि आता नातू रोज संध्याकाळी पंखा बंद करून बसतो.