बाईचा हिस्सा

आम्ही चार भावंडं भिवापूरची. बाई सर्वांत मोठी, मग मधली, मग मी आणि शेवटी धाकटा. मधली आता नाही. धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. बाई आणि मी मात्र म्हातारपणी पुन्हा एका घरात आलो, इथे हुडकेश्वरला.

भिवापूरच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्यासाठी मिरची म्हणजे सातरा. पटांगणभर लाल मिरची पसरलेली आणि बाया ओळीने बसून देठ खुडताहेत. बाई सातवीतच शाळा सोडून आईसोबत तिथे बसू लागली. तिच्या मजुरीतून आमच्या वह्या-पुस्तकं यायची. संध्याकाळी तिच्या बोटांची आग थांबत नसे. धाकटा तेव्हा रांगता होता. त्याला घ्यायचं झालं तर ती मनगटांनी उचलायची, बोटं त्याच्या डोळ्यांना लागू नयेत म्हणून. हे मी पाहिलेलं आहे, त्याला आठवणं शक्यच नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो पन्नाशीला आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने बाईला फोन केला, आणि तेव्हापासून दर रविवारी करतो.

वडिलोपार्जित शेत विकायची वेळ आली तेव्हा नात्यातले जाणते म्हणाले, बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका, सगळीकडे तसंच करतात. खरंच, सगळीकडे तसंच करतात. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो लागू होतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. तरी राखी बांधणाऱ्या हातानेच सही करून द्यायची, ही रीत काही गेली नाही. अशा सहीनंतर माहेरी येणं कमी झालेल्या कितीतरी बहिणी मी पाहिल्या आहेत. त्या तक्रार करत नाहीत, नुसत्या येईनाशा होतात.

धाकटा पुण्याहून आला आणि म्हणाला, चार हिस्से होतील. मधलीचा तिच्या मुलीला. बाई ऐकेना. "मले काय करायचे रे पैसे? लेकराइले द्या."

"तू सातऱ्यावर गेली म्हणून आम्ही शिकलो," तो म्हणाला. "हे दान नाही, तुझंच आहे."

माझं हे घर हुडकेश्वरला ग्रामपंचायत होती तेव्हाचं. पुढे हा भाग नागपूर महापालिकेत आला. बाई एकटी पडली होती, तिला मी कधीचा इकडे ये म्हणत होतो. भावाच्या घरी फुकट राहणार नाही, हा तिचा हट्ट. शेवटी तिने आपल्या हिश्श्यातून माझ्या घरावर दोन खोल्या बांधल्या आणि स्वतःच्या घरात राहायला आली.

आता संध्याकाळी आमचं बोलणं निघतं. इतवारी-नागभीडची छोटी लाइन १९०८ची. त्याच गाडीने आम्ही नागपूरला यायचो. २०१९मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली तेव्हा बाईला वाईट वाटलं. गाडीत वडिलांनी आम्हाला संत्री घेऊन दिली होती की शेंगा, यावर आमचं अजून एकमत नाही. मला हा वाद फार हवासा वाटतो. माझी बायको, मुलं हे प्रेमाने ऐकतात, पण "नाही, तसं नव्हतं" म्हणू शकेल असं या घरात बाईशिवाय कोणी नाही.

मधली गेल्यावर एक गोष्ट उघडी पडली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसायची. बाई गाण्याला सुरुवात करायची, पुढचं मधली उचलायची. एका गाण्यातली मधलीची कडवी बाईला येतच नाहीत. वर्षानुवर्षं ती त्या जागी थांबत आली, कारण तिथे म्हणणारी दुसरी होती. शेजारच्या बायांना विचारलं, पण त्यांची गाणी वेगळ्या गावची, चालही वेगळी.

मधलीची मुलगी पवनीला असते. यंदा भाऊबीज झाली की धाकट्याच्या गाडीने आम्ही तिघं तिच्याकडे जाणार आहोत. आईच्या तोंडून ऐकलेलं काही तिला आठवतं का, ते बाईला विचारायचं आहे. मी म्हटलं, फोन लावून देतो. तर म्हणाली, "फोनवर नको. तिच्यासमोर बसून मी म्हणतो, मग तिले पुढचं सुचंल."