सात आसनांचा हिशेब

आमच्या गावाचे नाव सांगितले की महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना प्रथम क्रिकेट आठवते. त्यांचा विरस न करता सांगावे लागते की सचिन हे सुरतेच्या दक्षिणेस, नवसारीच्या वाटेवर वसलेले एक जुने संस्थानी गाव आहे. 1791 साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती जंजिरा शेवटपर्यंत आला नाही, ही गोष्ट वेगळी. पण सिद्दींचे नवाब मात्र येथे 1948 पर्यंत नांदले. समुद्रातल्या अजिंक्य किल्ल्याचा दावा एका पारड्यात आणि सपाट काळ्या जमिनीचा वसूल दुसऱ्या पारड्यात, असा तो सौदा होता. अशा गावी राहणाऱ्या माणसाने आपल्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीपायी दोन वर्षे तराजू हाती धरून बसावे, यात फारसे नवल नाही.

मोटार मोठी आहे. सात माणसे बसतात, डिझेलवर चालते, आणि ती मी दुसऱ्या हातून घेतली. घेतली त्या दिवशी शेजारच्या गुजराती गृहस्थांनी पेढा तोंडात टाकता टाकता पहिलाच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती?" सुरतेकडचा हा प्रश्न फार थेट असतो आणि त्यामागे दोन पिढ्यांचा व्यापारी अनुभव असतो. मी सांगितलेला आकडा ऐकून त्यांनी दुसरा पेढा घेतला नाही.

इंधनाच्या भावाची धास्ती आजची नव्हे. 1973 च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्या काळी आमच्या घरात सायकल होती, त्यामुळे ते संकट आम्हांस वर्तमानपत्रातच भेटले. पुढे 2010 साली पेट्रोलचे आणि 2014 साली डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि 2017 च्या जूनपासून ते रोजच्या रोज ठरू लागले. पगार मात्र महिन्याने होतो! असो.

मुख्याध्यापकाला नोंदवहीचे व्यसन असते. मोटार आली त्याच आठवड्यात मी शाळेतल्यासारखी एक लांबट वही घातली: तारीख, अंतर, लिटर, रुपये, आणि शेवटचा रकाना 'माणसे'. हा शेवटचा रकाना मी सहज आखला होता. सगळा वाद पुढे त्यातच शिरला.

पहिले तीन महिने मी मोटारीने शाळेत गेलो, हे कबूल केले पाहिजे. शाळा घरापासून नऊ किलोमीटर. औद्योगिक वसाहतीचे मालट्रक, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, पाळी सुटलेल्या कामगारांचा लोंढा, यांतून वाट काढताना ही जड गाडी लिटरला नऊ किलोमीटरच धावते. म्हणजे जाऊन-येऊन दोन लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर दिवसाला एकशे ऐंशी आणि चोवीस कामाच्या दिवसांचे चार हजार तीनशे वीस. त्या सर्व दिवशी 'माणसे' या रकान्यात एकच आकडा: 1. सहा रिकामी आसने मी रोज शाळेत नेत होतो आणि परत आणत होतो. सौ.ने वही चाळून एवढेच म्हटले, "निदान त्यांची हजेरी तरी मांडा."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बसने जाऊ लागलो. उधना दरवाजापासून सचिनच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जलद बससेवेची वेगळी मार्गिका 2014 सालापासून आहे. तिचा लाभ न घेता गर्दीत ताटकळण्यात प्रतिष्ठा मानणे हा निव्वळ माझा मूर्खपणा होता.

मग मोटार घेतली तरी कशाला? त्याचे उत्तर घरात पलंगावर बसलेले आहे. माझ्या आईला चौऱ्याऐंशीवे वर्ष चालू आहे. माहेर आणि सासर दोन्ही अमळनेर. वडील रेल्वेत होते आणि तापी खोऱ्याच्या मार्गावर त्यांची नोकरी गेली; त्यामुळे उधन्याहून अमळनेरला गाडीने जाणे हे आमच्या घरी शेजारच्या आळीत जाण्यासारखे होते. आजही आईला रेल्वेचा पास मिळतो. पण चार वर्षांपूर्वी ती अंगणात पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि डब्याची पायरी तिच्यासाठी कायमची उंच झाली. सचिनहून आधी उधन्यापर्यंत जायचे, तेथे फलाट गाठायचा, गर्दीत चाकांची खुर्ची सांभाळायची, आणि अमळनेरला गाडी थांबते तेवढ्या वेळात तिला उतरवायचे, हे तिच्याने होईना आणि आमच्यानेही. मोफत पास उशाशी राहिला. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. लहानपणापासून तिने तो रथ क्वचितच चुकवला असेल. लागोपाठ दोन वैशाख तिने खिडकीशी बसून काढले, तेव्हा मी मोटार घेतली.

सचिन ते अमळनेर हे अंतर आमच्या वाटेने सुमारे दोनशे साठ किलोमीटर भरते. पलसाण्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की बारडोली; 1928 च्या सत्याग्रहाने वल्लभभाईंना 'सरदार' केले ते हेच गाव. दोन्ही बाजूंना उसाचे फड. पुढे व्यारा, आणि मग सोनगड. येथे डोंगरावर गायकवाडांचा किल्ला दिसतो. बडोद्याचे वैभव पुढचे, पिलाजीरावांचे मूळ ठाणे हे. इतकी वर्षे रेल्वेने गेलो, पण गाडी थांबवून किल्ल्याकडे डोळे भरून पाहिले ते मोटारीतून जाऊ लागल्यावर. नवापूरला राज्याची सीमा लागते. तेथील रेल्वेस्थानकाच्या मधूनच ती रेषा जाते आणि एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात असू शकतो. आईला लहान मुलासारखी त्याची मौज वाटते. महाराष्ट्रात पेट्रोल बरेच महाग असल्याने ती गाडी चालवणारे अलीकडेच टाकी भरतात. डिझेलात तेवढा फरक नाही, तरी माझा हातही सोनगडच्या पुढे आपोआप खिशाकडे जातो. त्यानंतर कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे, आणि धुळ्याहून अमळनेर.

या वाटेवर वहीने मला पदार्थविज्ञान शिकवले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे पुस्तकात होतेच. म्हणजे ऐंशीऐवजी शंभराच्या वेगाने गेले तर तो दीडपटीहून अधिक होतो. मोठ्या मोटारीचे कपाळ रुंद, त्यामुळे तिला हा दंड अधिक. चिरंजीव सुकाणूवर असता लिटरला अकरा, मी असता चौदा. हा फरक तो माझ्या वयाचा मानतो, मी हवेचा मानतो. शिवाय एक अडचण कोणी सांगितली नव्हती: मागची आसने उघडली की सामानाला जागा उरत नाही. आईची खुर्ची मग टपावर बांधावी लागते, आणि ती वाऱ्याला अडून वर आणखी अर्धा-पाऊण किलोमीटर खाते. सीएनजीची टाकी बसवून घ्या, असे अनेकांनी सुचवले. हजिऱ्याच्या इतक्या जवळ राहून वायूचा लाभ न घेणे अनेकांना पाप वाटते. पण ती टाकी सामानाचीच जागा घेणार. खुर्ची टपावर आणि बॅगा मांडीवर, असा प्रवास होईल.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 1952 साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली तेथे संमेलन झाले होते, त्यानंतर बहात्तर वर्षांनी. परप्रांतात मराठी शिकवणाऱ्यांना असे आमंत्रण टाळता येत नाही. आम्ही सहा शिक्षक आणि आई, अशी सात माणसे निघालो. जाण्या-येण्याचे डिझेल चाळीस लिटर, तीन हजार सहाशे रुपये, टोल वेगळा. सहा जणांत वाटले तर माणशी सहाशे. छोटी मोटार लिटरला वीस किलोमीटर देते असे धरले तरी सातजणांना दोन गाड्या लागल्या असत्या आणि पंचाण्णवच्या भावाने पेट्रोलच पाच हजारांच्या घरात गेले असते. शिवाय दोन गाड्यांत बोलणे एक झाले नसते. घाट चढताना साने गुरुजींवर वाद रंगला: 1930 साली प्रताप हायस्कूलची नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली, तेव्हा शिक्षक हरवला की सापडला? आमच्या शाळेतील सर्वांत अबोल शिक्षिका त्या दिवशी साक्रीपर्यंत एकट्या बोलत होत्या. वहीत त्या दिवशी 'माणसे' या रकान्यात 7 आहे. सगळ्या वहीत तेवढा भरलेला रकाना दुसरा नाही.

तरीही चिरंजिवांचे म्हणणे खोटे नव्हते. यंदा चैत्रात तो हिशेब मांडून बसला. वर्षातून चार लांबचे प्रवास. उरलेले दिवस मोटार आच्छादनाखाली. विमा, टायर, देखभाल चुकत नाही. ही विकून छोटी घ्यावी आणि आजीला न्यायचे तेव्हा मोठी भाड्याने करावी. आकडे तपासले, बेरीज बिनचूक होती. भाड्याच्या गाडीत आजीला उचलून ठेवताना पाठीचा आधार कसा येईल, वाटेत दर तासाला थांबावे लागते ते चालकाला कितपत रुचेल, असे काही मुद्दे मी काढले. आवाज दोघांचाही चढला. कापड, सूत, डिझेल यांचे भाव जिथे ओट्यावर बसून बोलले जातात त्या गावात घरातला हिशेबही हळू बोलण्याची सवय नसते.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी मी जवळ बसलो तेव्हा तिने यंदा यात्रेस जायचे नाही असे सांगितले. रथ आता दूरदर्शन संचावर दिसतो, गुडघे दुखतात, उन्हाळा फार आहे, अशी कारणे एकामागून एक पुढे केली. मी काहीच बोललो नाही. मग बऱ्याच वेळाने ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "डिझेलना पैसा मी देसू."

तीस वर्षे मी मुलांना शिकवतो आहे की शब्दाला अर्थ असतो आणि त्याखाली आणखी एक अर्थ असतो. त्या वाक्याखालचा अर्थ कळून मला त्या खोलीत बसवेना. ज्या माऊलीने वडिलांच्या पगारात पाच जणांचे भागवले, तिला आपण या घरात किती लिटरला पडतो, याचा हिशेब करायला आम्ही लावले होते. चिरंजीव दारात उभा होता. त्याने ऐकले. तो काही न बोलता बाहेर गेला आणि मोटारीवरचे आच्छादन काढून तिच्या टायरांत हवा भरून घेऊन आला.

गाडी विकायची नाही असे मी म्हणत नाही. चिरंजिवाची बेरीज अजूनही बरोबरच आहे, आणि आई नसेल त्या दिवशी सात आसनांचे हे धूड मी बाळगणार नाही. तोवर ती अंगणात उभी राहील. शाळेला बस, बाजारहाटाला स्कूटर, आणि लांबच्या वाटेला मोटार, तीही किमान पाच माणसे जमल्याशिवाय नाही. आता आमच्या आळीतील खानदेशी कुटुंबांना ते ठाऊक झाले आहे. नंदुरबारचे लग्न असो की धुळ्याचा दवाखाना, आधी आमच्याकडे विचारणा होते, आणि डिझेल वाटून घेतले जाते.

यंदाच्या वैशाखात आम्ही सहाजण गेलो. चिरंजीव सुकाणूवर होता आणि पूर्ण वाटेत काटा ऐंशीपुढे गेला नाही. नवापूरला चहा झाला. रथाच्या गर्दीत आईची खुर्ची पुढे नेण्यासाठी अनोळखी माणसांनी वाट करून दिली. परतल्यावर रात्री वही उघडली, तर त्या तारखेच्या पानात चार घड्या घातलेली पाचशेची नोट होती. परत करायला गेलो असतो तर तिने ती घेतली नसती, हे मला माहीत होते. वहीत जमेचा रकाना मी कधी आखलाच नव्हता. पट्टी घेऊन तो आखला आणि लिहिले: आईकडून, रुपये 500.