दुकानांच्या डोक्यावरची मशीद

कैरोला गेलेला माणूस आधी पिरॅमिडांकडे धावतो. धावावेच, त्यासाठीच तर विमानाचे भाडे भरलेले असते. पण पिरॅमिड आहेत नदीपलीकडे, गीझाला. मूळचे कैरो पाहायचे तर बाब झुवेला या जुन्या वेशीपाशी उतरावे आणि उत्तरेची वाट धरावी. पलीकडच्या बाब अल-फुतुह या वेशीपर्यंतचा रस्ता रमतगमत चालले तरी अर्ध्या तासाचा. मला तो चार दिवस पुरला.

शहराचा जन्म ९६९ सालचा. फातिमी खलिफाचा सेनापती जौहर याने इजिप्त जिंकले आणि धन्यासाठी तटबंदीचे राजनगर वसवले. पुढे त्याचे नाव पडले ‘अल-काहिरा’, म्हणजे जिंकणारी. आपला मराठीतला ‘कहर’ याच अरबी धातूतला. हे ध्यानात आल्यावर तिथल्या वाहतुकीविषयी माझी काही तक्रार उरली नाही. तटाच्या आत खलिफा, दरबार नि सैन्य. रयत राही दक्षिणेला, फुस्तात नावाच्या गावात. आत दोन राजवाडे होते आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेला म्हणत ‘बैन अल-कसरैन’, दोन महालांच्या मधले. नजीब महफूझ यांच्या १९५६ सालच्या कादंबरीचे नावही हेच. महाल केव्हाच नाहीसे झाले. मधली जागा तेवढी नाव सांभाळून राहिली, आणि रयत आत येऊन हिंडूफिरू लागली, दुकाने मांडू लागली.

बाब झुवेलाच्या समोर, वेशीबाहेर, अस्-सालिह तलाई या वजिराने ११६० साली बांधलेली मशीद आहे. ती दुकानांच्या डोक्यावर उभी आहे. खाली ओळीने गाळे, वर नमाजाची जागा. मी कठड्यावरून वाकून पाहिले, तेव्हा गाळे रस्त्याच्या बरेच खाली, खड्ड्यात दिसले. मशीद खचलेली नाही. साडेआठशे वर्षांत रस्ताच वर चढला आहे!

या गाळ्यांचे भाडे येई आणि त्यावर वरची मशीद चाले. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन लावून देत, त्यातलाच हा प्रकार, नाव वक्फ. सुलतान, अमीर, बडे व्यापारी आपली मिळकत कायमची लावून देत: इतकी दुकाने, इतक्या वखारी, इतकी शेते. त्यातून इमामाचा पगार, दिव्यांचे तेल, पोरांची शाळा, वाटसरूंचे पाणी. लावून दिलेली मिळकत विकता येत नसे. यात पुण्याबरोबर शहाणपणही होते. मामलूक अमिरांची धनदौलत सुलतानाची मर्जी फिरली की जप्त व्हायची. ती वक्फात घालून वंशजांना कारभारी नेमले की देवही प्रसन्न आणि पोरांचे पोटही सुटे.

हे एकदा कळले की सगळा रस्ता उलगडत जातो. सुलतान कलाऊनने १२८४-८५ मध्ये आपल्या कबरीबरोबर मदरसा बांधला आणि रुग्णालयही. तिथे गरिबाला, श्रीमंताला, बाईला, पुरुषाला फुकट उपचार मिळत. त्या आवारात आजही डोळ्यांचा दवाखाना आहे. पुढे एका तिकाटण्यावर अब्दुर्रहमान कतखुदा याची १७४४ सालची इमारत: तळात पाण्याचे टाके, रस्त्याच्या पातळीला जाळीतून पाणी देणारी पाणपोई, वरच्या मजल्यावर हवेशीर कमानींत पोरांची शाळा. पाणी उंटांवरून, पखालींतून, नाईलचे येई.

सुलतान घुरीची गोष्ट मात्र चटका लावते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने रस्त्याच्या एका बाजूला मशीद आणि समोर स्वतःची कबर बांधली, मधे कापडबाजार. जवळच वखार उठवली: खाली व्यापाऱ्यांचा माल, वर भाड्याच्या खोल्या. १५१६ साली तो तुर्कांशी लढताना पडला, प्रेत सापडलेच नाही. त्याच्यामागून गादीवर आलेल्या तुमानबेला पुढच्या वर्षी बाब झुवेलावर फाशी दिले. धनी कबरीत नाही, राज्य गेले, आणि खालची कापडाची दुकाने चालूच आहेत. घासाघीस करण्याचा मोह मलाही आवरला नाही.

मग ही वीण उसवली कशी? १९५२ च्या क्रांतीनंतर खाजगी वक्फ रद्द झाले, धर्मादाय वक्फ सरकारी खात्याकडे गेले. घरभाडी कायद्याने गोठली. मुंबईच्या चाळींत राहिलेल्याला यापुढचे सांगायला नको: भाडे नाममात्र, म्हणून डागडुजी कोण करणार? ऑक्टोबर १९९२ च्या भूकंपाने उरलेसुरले खिळखिळे केले. त्यानंतर सरकारने मोठी दुरुस्ती काढली. दगड धुतले, फरसबंदी केली, दिवे सोडले. बाब अल-फुतुहजवळचा कांदा-लसणाचा बाजार मात्र उठवला. संध्याकाळी रस्ता देखणा दिसतो, यात शंका नाही. पण ज्या शहरात मशिदीच कांद्याच्या, कापडाच्या भाड्यावर उभ्या राहिल्या, तिथे बाजाराला अडगळ समजणे मला काही पटले नाही.

वेशीच्या दक्षिणेला तंबूवाल्यांची छपराची गल्ली आहे, सतराव्या शतकातली. तंबूला अरबीत ‘खैमा’. आपल्या ओळखीचा उमर खय्याम नावाने तंबूवालाच. इथे पुरुष मांडी घालून, रंगीत कापडाचे तुकडे जाड कापडावर टाचून, वेलबुट्टी शिवत बसतात. एका म्हाताऱ्या कारागिराने दोन कापडे माझ्यापुढे टाकली आणि दोन्ही उलटी केली.

“हे हाताचे. हे छापलेले,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “समोरून सगळ्यांना सारखेच दिसते.”

“विकले काय जास्त जाते?”

“रमजानात सगळे कैरो विकत घेते. छापलेले.”

“आणि मुलगा?”

“मुलगा टॅक्सी चालवतो. रोज पैसे घरी आणतो.” हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. हातातली सुई काही थांबली नाही.

मी हाताच्या शिलाईचा लहानसा तुकडा घेतला. ऊन चांगलेच तापले होते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मेलेल्या आप्ताच्या नावाने थंड पाण्याची टाकी ठेवली होती. साखळीने बांधलेला पत्र्याचा पेला होता. माझ्या आधी एक हमाल प्यायला, पेला विसळला आणि भरून माझ्यापुढे धरला.