किती उशा घेता?



ही पुस्तिका आपण वाचत आहात तेव्हा समोर फळा नाही आणि शिक्षकही नाही. दिवसभराचे काम आटोपून, घरातील निजानीज झाल्यावर आपल्यापैकी अनेक जण हे पान उघडत असतील. दुरून शिकताना काय उणे पडते, हे आपल्याला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. कोरोना महामारीच्या काळात डॉक्टरांनाही असेच दुरून शिकावे लागले. त्यांच्या एका वर्गात मी दोन तास शिकवले. निमंत्रण भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाला होते. प्रत्यक्षात मी तेथे गेलो तो माझ्याच एका चुकीचा साक्षीदार म्हणून.

२०२०च्या आरंभी माझ्या थोरल्या बहिणीवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. डॉक्सोरुबिसिन या औषधाचे चार डोस झाले होते. त्याचा रंग लाल, म्हणून ताई त्याला ‘लाल सलाईन’ म्हणे. त्यानंतर ट्रास्टुझुमॅब हे दुसरे औषध दर तीन आठवड्यांनी, वर्षभर घ्यायचे होते. दोन्ही औषधे कर्करोगावर गुणकारी, परंतु दोन्ही हृदयाला जपून द्यावी लागतात. पहिल्याचा धोका आयुष्यभरात दिलेल्या एकूण मात्रेनुसार वाढतो. व्हॉन हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार हजार रुग्णांच्या नोंदी तपासून १९७९ साली हे दाखवून दिले. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ४०० मिलिग्रॅम मात्रा झाली, तर शंभरांत सुमारे तिघांचे हृदय दुबळे पडते. ५५०ला सात जणांचे, ७००ला अठरा जणांचे. ताईची मात्रा यापेक्षा पुष्कळ कमी होती. पण वय साठीकडे झुकलेले, रक्तदाब जुना आणि त्यात दुसऱ्या औषधाची भर. म्हणून दर तीन महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करावयाचा असे ठरले होते.

मार्चअखेर टाळेबंदी आली. ताई वाईला, मी नाशिकला. परवानगीपत्र काढून भाचा तिला इंजेक्शनासाठी पुण्याला नेत असे. इको मात्र पुढे ढकलला गेला. तो करणाऱ्याला रुग्णाच्या अगदी जवळ बसावे लागते. त्यामुळे तातडीचे नसलेले इको त्या काळात अनेक ठिकाणी लांबणीवर पडले.

मी रोज सायंकाळी फोन करीत असे. “कशी आहेस?” “बरी आहे रे. जरा थकवा आहे, एवढंच.” कर्करोगाच्या औषधांनी थकवा येतोच, असे मी स्वतःला समजावीत असे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९६ दाखवी, आणि आम्ही निश्चिंत होत असू. असे सहा आठवडे गेले.

पुढे रुग्णालयातून एका तरुण डॉक्टरांचा फोन आला. भाच्याने मलाही त्या संभाषणात जोडून घेतले. त्यांनी थकव्याविषयी फारसे विचारलेच नाही. “मावशी, रात्री किती उशा घेता?” फोनवर क्षणभर शांतता. “तीन. हल्ली भिंतीला टेकूनच झोपते.” “पायातली जोडवी रुततात का?” “काढून ठेवलीत महिन्यापूर्वी.” डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी इकोसाठी बोलावले. हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील जितके रक्त बाहेर ढकलते, ते प्रमाण ६० टक्क्यांवरून ४२वर आले होते. औषध थांबवले गेले, हृदयासाठी गोळ्या सुरू झाल्या. ट्रास्टुझुमॅबमुळे आलेला दुबळेपणा वेळीच ध्यानात आला, तर पुष्कळदा भरून निघतो. ताईचा निघाला. काही महिन्यांनी राहिलेले उपचारही पूर्ण झाले.

“दम लागत होता, तर सांगितलं का नाहीस?” असे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, “दम लागतो म्हटलं असतं, तर उचलून नेलं असतं मला. मग घरचं कोणी भेटलं नसतं.” त्या महिन्यांत ‘दम’ हा शब्द एका रोगाचे नाव होऊन बसला होता. ताईने तो टाळला आणि कोणीही दचकणार नाही असा शब्द निवडला. शब्दाचा अर्थ कोशापेक्षा बोलणाऱ्याच्या परिस्थितीत शोधावा, हे मी वर्गात पंचवीस वर्षे शिकवीत आलो होतो. बहिणीचा शब्द मात्र मी कोशातल्या अर्थाने ऐकला.

पुढील वर्षी त्याच डॉक्टरांनी मला प्रशिक्षणासाठी बोलावले. जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टर पडद्यावर छोट्या चौकटींत बसलेले होते. कोणाच्या अंगावर अजून संरक्षक पोशाख होता. एक हृदयरोगतज्ज्ञ आणि एक कर्करोगतज्ज्ञ मिळून शिकवत. इकोची साठवलेली चलचित्रे दाखवून हृदयाची आकुंचने वाचायला शिकवत. मोजकेच इको शक्य असतील तर आधी कोणाचे करावेत, याची चर्चा होई. “हात मात्र इथून शिकवता येत नाही,” असे हृदयरोगतज्ज्ञ खेदाने म्हणाले. इकोचे यंत्र छातीवर कसे धरावे, हे रुग्णापाशीच शिकावे लागते. प्रश्न विचारणे तेवढे दुरूनही शिकता येते, आणि तेच माझ्या वाट्याला आले होते.

दम लागणे, धाप लागणे, छाती भरून येणे, जीव घाबरा होणे, गळून जाणे. असे शब्द आम्ही एकेक तपासले. मग जोड्या केल्या. कॅमेरे बंद. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर. नियम एवढाच की, ‘दम लागतो का?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. आधी विचारायचे, मागच्या महिन्यात करत होता असे कोणते काम आता सोडले? विदर्भातील एक डॉक्टर आपल्याच एका रुग्णाच्या भूमिकेत शिरले आणि म्हणाले, “अंगणात सडा आता सूनच टाकते.” हे उत्तर देऊन ते थांबले. थोड्या वेळाने स्वतःच्या आवाजात म्हणाले, “हे मला त्यांनी सांगितलं होतं. मी नोंदीत ‘थकवा’ लिहिलं.” त्यावर कोणीच काही बोलले नाही. मलाही बोलण्यासारखे काही नव्हते.

मित्रहो, या घटकात आपण शब्दार्थ, संकेतार्थ, संदर्भ या संज्ञा अभ्यासणार आहात. व्याख्या परीक्षेसाठी अवश्य पाठ करा. पण त्यासोबत घरातील एखाद्या माणसाचे ‘काही नाही, बरं आहे’ हे वाक्य आठवडाभर ऐका. ते कोणत्या वेळी, कोणापुढे आणि काय टाळून म्हटले गेले, ते वहीत लिहा.

ताईला मी आजही सायंकाळी फोन करतो. “जरा थकवा आहे” असे ती अजूनही म्हणते. मग मी विचारतो, “उशा किती?”

“एकच,” ती म्हणते. “आणि जोडवी पायात आहेत.”