टाक्यांचा हिशेब

मराठी शिकवणाऱ्या बाईने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असा कॉलेजातला संकेत आहे. पण हातात सुया घेतल्या की त्रैराशिकावाचून गत्यंतर नसते. शिंप्याचे काम त्या मानाने सोपे. त्याच्यापुढे कापड तयार असते. त्याने ते मापाने कापायचे. विणणारीचे कापड अजून जन्मालाच यायचे असते आणि ते किती रुंद होणार, हे लोकर, सुई आणि हात या तिघांनी मिळून ठरवायचे. एकाच घरातल्या दोन जावांनी तीच लोकर, तीच सुई घेऊन सारखेच टाके घातले, तरी दोघींची पाठ एकाच रुंदीची उतरेल याची खात्री नाही.

म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणावा. चांगला सहा इंचांचा. तो धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि मधल्या चार इंचांतले टाके मोजावेत. कडा नेहमी खोटे सांगतात. अण्णांच्या स्वेटरसाठी माझे चार इंचांत २२ टाके भरले. म्हणजे इंचाला साडेपाच.

इथवर ठीक होते.

"अगं, माप कशाला? माझी छाती चाळीस," अण्णा म्हणाले. चाळीस ही त्यांची नोकरीत असतानाची छाती! टेप लावली तेव्हा त्यांनी श्वास रोखून ती फुगवली. बोलण्याच्या नादात श्वास सुटला आणि टेपवर ३६ आले. मी आकडा उच्चारला नाही. त्यांनीही विचारला नाही.

स्वेटर सदऱ्यावरून घालायचा, तेव्हा अंगापेक्षा चार इंच सैल हवा. घेर ४०, पाठ २० इंच, टाके ११०. शिवणीत जाणारे दोन वर. यात हाताला सैल सोडून चालत नाही. साडेपाचांच्या जागी इंचाला पाचच टाके पडू लागले, तर हेच ११० टाके २२ इंच पसरतात आणि घेर ४४ होतो. अर्ध्या टाक्यात चार इंच! अण्णांची जुनी छाती अन् वरचा सैलपणा मिळून नेमके तेवढेच. मोह होण्यासारखी गोष्ट होती. पण गळ्यातून आणि बगलेतून वारा शिरणारा स्वेटर थंडीत काय कामाचा?

मी ११२ टाके घातले.

"चाळीसच धरलीस ना?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले.

"चाळीसच," मी म्हटले. घेर तेवढाच तर भरणार होता.

बाह्यांची लांबी मात्र जुन्या स्वेटरवरूनच घेतली. हात होते तेवढेच लांब आहेत.