पुढे काय झालं त्यांचं?

डब्लिनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणासमोरही ‘हॉटहाउस फ्लॉवर्स’ हे नाव काढा. आधी चेहरा खुलतो, मग एखादी चाल गुणगुणली जाते आणि शेवटी एक सुस्कारा येतो, “ते पुढचे यू-टू होणार होते.”

‘होणार होते’ या शब्दांचं वजन आपल्याला वेगळं सांगायला नको. लग्नाच्या पंगतीत एखाद्या काकांबद्दल ‘हे रणजी खेळणार होते बरं का’ असं कुणी म्हटलं, की पुढचं न सांगताच कळतं आणि आपण मुकाट्याने जिलेबी घेतो.

मी पाच वर्षांपासून डब्लिनमध्ये नोकरी करते. ऑफिसातल्या सीनियर लोकांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की मी या बँडच्या मागेच लागले. त्याला एक घरगुती कारणही होतं, ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू होते 1985मध्ये, ग्राफ्टन स्ट्रीटवर. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेपासून ट्रिनिटी कॉलेजच्या दिशेने उतरणारा, जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा हा रस्ता. गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये गाणारे-वाजवणारे. याला इथे बस्किंग म्हणतात. समोर गिटारची उघडी पेटी ठेवायची, गायचं, लोक टाकतील ते घ्यायचं. आयर्लंड तेव्हा आजच्यासारखं आयटीवाल्यांचं नव्हतं. बेरोजगारी 17 टक्क्यांच्या आसपास होती आणि शिकलेली पोरं लंडन-न्यूयॉर्कची वाट धरत होती.

अशा वेळी लिअम ओ म्वीनली आणि फिअक्ना ओ ब्रेनॉन हे दोन शाळूसोबती रस्त्यावर उभे राहिले. नाव घेतलं ‘द इन्कम्पेरेबल बेंझिनी ब्रदर्स’, म्हणजे ‘अतुलनीय बेंझिनी बंधू’. सर्कशीच्या पोस्टरवर शोभेल असं. दोघं ना बंधू, ना बेंझिनी. लवकरच पीटर ओटूल हा तिसरा येऊन मिळाला. प्रसिद्ध नटाशी याचं फक्त नाव जुळतं. त्याच वर्षी रस्त्यावरच्या कलाकारांसाठीचं एक बक्षीस त्यांनी पटकावलं. मग ड्रम आले, सॅक्सोफोन आला आणि विंटन मार्सालिसच्या एका जॅझ अल्बमवरून उचललेलं ‘हॉटहाउस फ्लॉवर्स’ हे नाव आलं.

लिअम आणि फिअक्ना ज्या शाळेत होते, ती ‘कोलॉश्टे ओइन’ आयरिश माध्यमाची आहे. आयरिश भाषा इथे सगळी मुलं शाळेत शिकतात, पण डब्लिनच्या रस्त्यावर ती क्वचितच कानावर पडते. मी स्वतः मराठी माध्यमातली. घरची भाषा आणि ‘पुढे जायची’ भाषा वेगळी असली की काय होतं, ते मला माहीत आहे. या पोरांनी घरची भाषा लपवली नाही. नावं आयरिश वळणाचीच ठेवली. जगभरच्या निवेदकांची जीभ अडखळली तर अडखळू दे. लिअम लहानपणापासून बोवरॉन वाजवायचा, म्हणजे हातात उभा धरून काठीने वाजवायचा आयरिश डफ. त्याच्या गळ्यात ‘शॅन-नोस’ होतं. शब्दशः अर्थ ‘जुनी रीत’. साथीला एकही वाद्य नाही, एकटा गळा, स्वर हवा तितका लांबवायचा. त्यावर या मंडळींनी अमेरिकन सोल आणि गॉस्पेल चढवलं.

पण त्यांना घडवलं रस्त्याने, असं मला वाटतं. जेवणाच्या सुट्टीत मी बऱ्याचदा ग्राफ्टन स्ट्रीटवर जाते आणि गाणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांकडे जास्त बघते. माणूस बस्करच्या टप्प्यात येतो आणि दहा-बारा पावलांत बाहेर पडतो. तेवढ्यात त्याला थांबवायचं. तो तुम्हाला काहीही देणं लागत नाही. त्याने तिकीट काढलेलं नाही, तुमचं नाव ऐकलेलं नाही, हातात पिशव्या आहेत आणि बहुधा पाऊस येणार आहे. पहिला माणूस थांबणं सगळ्यात अवघड. पाच थांबले की वर्तुळ होतं आणि मग ते वर्तुळच गर्दी खेचतं. गाणं संपताना आणखी एक कसोटी असते, कारण टाळ्या वाजवून लोक पांगतात. म्हणून हुशार बस्कर शेवटचा सूर विरायच्या आत पुढच्या गाण्याची तार छेडतो. आता पेटीशेजारी कार्ड टेकवायचं मशीनही असतं. बाकी फारसं बदललेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर रीलसारखंच झालं. अंगठा सरकायच्या आत पकडायचं. बरंचसं तसंच आहे. फरक एवढाच, की रस्त्यावर सोडून जाणाऱ्याची पाठ दिसते. आकडा दिसत नाही, पाठ दिसते.

पुढचा प्रवास विलक्षण वेगाने झाला. 1987मध्ये यू-टूने नव्या आयरिश बँडसाठी काढलेल्या ‘मदर रेकॉर्ड्स’ने त्यांचं पहिलं गाणं बाजारात आणलं. त्याच वर्षी यू-टूचा ‘द जोशुआ ट्री’ जगभर गाजत होता, त्यामुळे तुलना तिथेच चिकटली. मग मोठ्या कंपनीशी, लंडन रेकॉर्ड्सशी करार झाला. 1988मध्ये पहिला अल्बम आला, ‘पीपल’. आयर्लंडमध्ये पहिला, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. 30 एप्रिल 1988ला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा डब्लिनमध्ये झाली. स्पर्धा संपून मतं मोजली जाण्याआधी थोडा वेळ भरून काढायचा असतो. त्या वेळात ‘डोन्ट गो’ या गाण्याचा व्हिडिओ दाखवला गेला, युरोपातल्या वेगवेगळ्या देशांत चित्रित केलेला. ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या दहा पावलांसाठी झगडणारी पोरं तीन वर्षांत अख्ख्या युरोपच्या दिवाणखान्यांत पोचली. ‘डोन्ट गो’ ब्रिटनमध्ये 11व्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘जाऊ नका’ हे बस्करच्या गाण्याचं नाव असावं, याची मला अजून गंमत वाटते.

याच मधल्या वेळात, सहा वर्षांनी पुन्हा डब्लिनमध्येच, ‘रिव्हरडान्स’ नावाचा एक नाच सादर झाला. त्या काही मिनिटांतून पुढे जगभर फिरणारा मोठा शो आणि एक उद्योग उभा राहिला. फ्लॉवर्सच्या वाट्याला ते आलं नाही.

1990मध्ये ‘होम’ आला, ब्रिटनमध्ये पाचवा. 1993मध्ये ‘साँग्ज फ्रॉम द रेन’, सातवा. याला अपयश म्हणायला धाडस लागेल. पण या सगळ्या काळात ते अखंड दौऱ्यावर होते, आणि 1994मध्ये दमून थांबले. भांडून नाही, विश्रांती म्हणून.

मोठ्या कंपनीचा करार म्हणजे काय, हे समजून घेतलं की हा दमणूकपणा कळतो. कंपनी आधी पैसे देते. ती उचल असते, आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला मिळते तशी, आणि ती विक्रीतून फेडायची. म्हणून अल्बम, मग दौरा, मग पुन्हा अल्बम. रस्त्यावर दिवस संपतो. पेटीतली नाणी मोजायची आणि घरी जायचं. दौऱ्यात दिवस संपत नाही, फक्त शहर बदलतं. शिवाय समोरची गर्दी आधीच जिंकलेली असते. तिला रेकॉर्डवरचं गाणं रेकॉर्डसारखंच हवं असतं. अनोळखी माणसाला थांबवायचं ज्यांचं कसब, त्यांच्यापुढे आता कुणी अनोळखीच उरलेलं नव्हतं.

आता घरगुती कारण. माझा धाकटा भाऊ पुण्यात गिटार वाजवतो. इंजिनिअरिंगनंतरची नोकरी सोडून दोन वर्षं झाली. कॅफेत कार्यक्रम करतो, मुलांना शिकवतो, रील टाकतो. आई दर रविवारी फोनवर म्हणते, “तू मोठी आहेस, तू समजाव. पुढे काय होणार त्याचं?” मी समजावत नाही, त्याला या बँडची गाणी पाठवते. मध्यंतरी त्याने नेमकं आईच्याच सुरात विचारलं, “ताई, भारी आहेत गं. पण पुढे काय झालं त्यांचं?”

म्हणून त्याच्यासाठी मी नीट शोधलं. थांबलेल्या काळात लिअमने न्यूझीलंडचा टिम फिन आणि बेलफास्टचा अँडी व्हाइट यांच्यासोबत एक अल्बम केला. 1998मध्ये बँड परत आला, ‘बॉर्न’ घेऊन. 2004मध्ये आणखी एक अल्बम. 2005मध्ये लिअमने ‘रिअन’ काढला, आयरिश परंपरेतल्या गाण्यांचा. मग तो माली देशात गेला, तिथल्या संगीतकारांसोबत वाजवायला. त्या प्रवासावर माहितीपटही आहे. फिअक्ना आयरिश सरकारी रेडिओवर रात्री उशिराचा कार्यक्रम करू लागला. माझी कितीतरी रात्रीची भांडी त्याच्या आवाजाच्या साथीने घासून झाली आहेत. आणि बँड अजून वाजवतो. सुरुवातीला चाळीस वर्षं होऊन गेली तरी.

मी त्यांना एका मध्यम हॉलमध्ये ऐकलं. बहुतेक डोकी पांढरी. लिअम अनवाणी, पियानोवर. एक जुनं गाणं सुरू झालं आणि मध्येच वाट सोडून भलतीकडे गेलं. बाकीचे त्याच्याकडे बघत मागोमाग निघाले. रेकॉर्डसारखं काहीच नव्हतं. ते गाणं कुठे जाणार आहे, हे त्यांनाही माहीत नसावं. परत यायला त्यांनी दहाएक मिनिटं घेतली आणि तोवर हॉलमधलं कुणी हललं नाही.

भावाला हे सगळं लिहून पाठवलं. पोटापाण्याचं उत्तर यात नाही, हेही लिहिलं. भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं आणि कुठल्याही बँडची कहाणी घरमालकाला चालत नाही. पण ‘पुढे’ हा शब्द आपण एकाच दिशेने वापरतो, वरच्या. पंचविशीच्या आत चढलेल्या शिखराला गाव समजायचं आणि नंतरच्या तीस वर्षांना उतार. त्या तीस वर्षांत या माणसांनी जवळपास रोज वाजवायचं ते वाजवलं, स्वतःच्या भाषेत गायले आणि एकमेकांशी बोलायचे थांबले नाहीत. चार जणांच्या बँडमध्ये यातलं शेवटचं किती अवघड असतं, हे भावाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

डब्लिनमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी बेघरांसाठी पैसे गोळा करायला नावाजलेले गायक बस्किंग करतात, ही प्रथा ग्राफ्टन स्ट्रीटवरच रुजली. ग्लेन हॅन्सार्डने ती पुढे नेली. तोही याच रस्त्यावर गात मोठा झाला आणि ऑस्करपर्यंत पोचला. यू-टूचा बोनो तिथे गायला आहे. लिअमही गायला आहे. रस्त्यावर पुढचे-मागचे असे क्रमांक नसतात. ज्याचं गाणं चालू आहे, त्याच्यापुढे लोक थांबतात.