अट लिहायची राहून गेली

'वृद्धांचा सांभाळ आणि समाजाची जबाबदारी' यावर लिहा, असं संपादक म्हणाले आणि लेखात कलमं नकोत, असंही बजावलं. कलमं टाळायचा प्रयत्न मी करते. पण ज्या बाईंमुळे मी लगेच होकार दिला, त्यांचं उरलेलं आयुष्यच सध्या एका कलमावर अडून बसलं आहे.

बाई वाईकडच्या. सत्तरी उलटलेली, नवरा गेलेला. राहतं घर त्यांनी मुलाला बक्षीसपत्राने दिलं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाबाळांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. त्यामुळे 'आत्ताच करून टाक, पुढे भानगड नको' असा सल्ला घरोघरी दिला जातो. दस्त झाला आणि काही महिन्यांत बाई मागच्या पडवीत आल्या. पडवीतल्या दिव्याची वायर काढली गेली, गॅसच्या खोलीला कुलूप लागलं. माझ्याकडे आल्या तेव्हा रेशनकार्ड आणि दस्त एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "वकीलबाई, पोराला आत टाकू नगा."

दस्त मी दोनदा वाचला. नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणाच्याही दबावाखाली न येता, यापुढे माझा कोणताही हक्क राहिलेला नाही, आणि खाली अंगठा. लिहून घेणाऱ्याने लिहून देणारीला सांभाळावं, असं वाक्य कुठेच नाही.

आता कलम सांगावंच लागेल. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007' याचं कलम 23 म्हणतं : ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने त्या भागवल्या नाहीत, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दबावाने झालं असं मानून रद्द करून घेता येतं. सगळा वाद 'अटीवर' या शब्दावर आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं हस्तांतरण पुरेसं नाही. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या एका आईचं प्रकरण आलं. तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिल्याचं आईचं म्हणणं होतं. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं, घराचा ताबा आईला द्यायला सांगितलं आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने, उदारपणे वाचायला हवा, असं म्हटलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवून आमच्या बाररूममध्ये तासन् तास वाद होतात. एक बाजू म्हणते, अट गृहीत धरायला लागलात तर बक्षीसपत्राला किंमतच उरणार नाही. बँक अशा घरावर कर्ज देणार नाही, पुढचा खरेदीदार कायम टांगणीला. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. तरीही माझं मत ठाम आहे. जिच्याकडे एकच घर आहे, तिने ते हयातीत मुलाला दिलं, तर सांभाळाची अट त्या देण्यातच असते. ती नव्हती हे मुलाने सिद्ध करावं. आई मुलाकडून लेखी घेत नाही, हे या राज्यातल्या प्रत्येक दुय्यम निबंधकाला ठाऊक आहे. तिच्या त्या विश्वासाचाच पुरावा तिच्याविरुद्ध व्हावा, हे मला मान्य नाही.

लोकांचे समज मात्र निराळेच असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे अनेकांना वाटतं, की अर्ज केला की आठवड्यात घर परत मिळतं. काहींना वाटतं मुलीकडे मागताच येत नाही. मुळात 1987 मध्येच, एका वडिलांच्या अर्जावरून, विवाहित मुलगीही आईवडिलांना पोटगी द्यायला बांधील आहे असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. आणि सुनेला घराबाहेर काढायला हा कायदा वापरू पाहणारे सासरेही माझ्याकडे येतात. 2020 मध्ये न्यायालयाने ती वाट अडवली : सुनेचा राहत्या घरावरचा हक्क या कायद्याच्या आडून मोडता येत नाही. हे योग्यच झालं. पण पडवीतली सासू आणि दोन लहान मुलांची सून एकाच घरात असतात, तेव्हा न्याय नेमका कोणत्या बाजूला, हे मलाही दरवेळी ठरवता येत नाही.

या कायद्याखालच्या अर्जांचा निवाडा प्रांताधिकारी करतात. कलम 17 प्रमाणे तिथे वकिलाने बाजू मांडायची नाही. खर्च आणि विलंब टळावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण मिळणारी रक्कम जुनीच : दरमहा निर्वाहाची कमाल रक्कम 2007 मध्ये 10,000 रुपये ठेवली, ती आजही तेवढीच आहे. ही मर्यादा काढणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, मंजूर झालं नाही. आजच्या औषधांच्या किमती पाहता ही रक्कम कुणाला पुरत असेल?

मला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 मध्ये वार्धक्यात सरकारी साहाय्याची गोष्ट आहे, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. याच कायद्याचं कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा म्हणतं. पण शब्दरचना 'राज्य सरकार उभारू शकेल' अशी. मुलावर बंधन आणि सरकारला मुभा, असा हा कायदा आहे. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 60 ते 79 वयापर्यंत महिना 200 रुपये, त्यापुढे 500. महाराष्ट्र 'श्रावणबाळ' योजनेतून 1,500 पर्यंत देतो, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. महिना 1,750 रुपये, तेही कुटुंबाचं!

वाईच्या बाईंचं गाडं इथेच अडलं. 21 हजारांचा दाखला मागायला गेल्या, तर रेशनकार्डावर मुलगा आहे आणि त्याला पगार आहे. म्हणजे जो जेवायला देत नाही, त्याच्याच मिळकतीमुळे पेन्शन नाही. प्रांतांपुढे त्या 'मुलगा सांभाळत नाही' असं सांगतात आणि तहसील कार्यालयातला कागद 'मुलगा सांभाळतो' असं धरून चालतो. दोन्ही कचेऱ्या एकाच शासनाच्या.

यात नवा कायदा करायची गरज नाही. प्रांतांकडे निर्वाहाचा अर्ज दाखल झाला, की अर्जदाराचं उत्पन्न स्वतंत्र धरावं, एवढं एक परिपत्रक पुरे. दुसरं, बक्षीसपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकाने लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारावं : सांभाळाची अट घालायची आहे का, तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवायचा आहे का? आणि हो म्हटलं तर ती दोन वाक्यं तिथल्या तिथे दस्तात घालून घ्यावीत. ही दोन वाक्यं तुमच्या घरातल्या दस्तात आहेत का, हे दिवाळीला सगळे एकत्र जमाल तेव्हा काढून वाचा.